आजच्यापुरतं

"रेकी?" यादगिरी म्हणाला,
"चोर आधी घर बघून जातात, ती?"
त्याला ऐकू कमी येतं.
तीस वर्षं मागाचा खडखडाट,
शिफ्ट सुटली, कान तिकडंच राहिले.
मी ओरडून सांगितलं, ती नाही. जपानची. हातांची.
"जपानचे माग भारी असतात," म्हणाला
आणि भाकरीकडं वळला.

अशोक चौकाच्या मागं, सूत सोसायटीच्या हॉलमध्ये
तीन दिवसांचा वर्ग. शिकवायला सरोजिनी बुरा,
सिव्हिलमधून निवृत्त झालेल्या नर्सबाई.
फी सुनेनं भरली. म्हणाली, अत्तम्मा,
तुमचे हात तरी जरा बसतील.
माझे हात म्हणजे
तेंदूपान, जर्दा, कात्री, दोरा,
दिवसाला हजार विड्या.
नखांत पिवळं बसलंय
हळदीसारखं, पण सण नाही.

बाई म्हणाल्या, ऐकीव गोष्ट आहे, ऐका.
शंभरेक वर्षांपूर्वी एक माणूस
कुरामा डोंगरावर जाऊन बसला, एकवीस दिवस उपाशी.
पुढ्यात एकवीस दगड. रोज एक फेकायचा,
म्हणजे दिवस चुकायला नको.
(हे मला पटलं. दर शंभर विड्यांना
मीही एक चिंचोका बाजूला ठेवायची.)
शेवटच्या पहाटे कपाळावर उजेड आदळला.
धावत उतरताना अंगठ्याला ठेच.
त्यानं अंगठा मुठीत धरला,
हात गरम झाला, दुखणं थांबलं.

वर्ग गप्प.
मला वाटलं, ठेच लागली की
अंगठा सगळेच धरतात.
उपाशीही राहिलोय आम्ही,
गिरणी बंद पडली त्या साली, एकवीसच्या वर.
उजेड नाही पडला.
दगड मोजायचे राहिले असतील.

मग फळ्यावर नियम. प्रत्येकाच्या आधी
तेच दोन शब्द, आजच्या दिवसापुरतं.
रागावू नको. काळजी करू नको. उपकार विसरू नको.
"काम प्रामाणिकपणे कर" आलं तसा मी हात वर केला.
"बाई, हे मुनिमाला शिकवा.
चांगल्या विड्या छाट म्हणून काढायचा
शंभरात आठ-दहा,
आणि त्याच गुपचूप विकायचा."
बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या.
"आजच्यापुरतं त्याच्यावर रागावू नका."
"आज रविवार," मी म्हणाले, "आज जमेल."

रे म्हणजे सगळीकडं भरलेलं, की म्हणजे प्राण.
बाईंनी असं दोनदा लिहून दाखवलं.
मी मनात आमच्या गावचा अर्थ लावला.
रे म्हणजे ये रे, बस रे.
की म्हणजे जेव की, झोप की.
घरात आम्ही तेलुगूच बोलतो,
पण विनवायचं झालं की
जिभेवर सोलापूर येतं.

मे महिना. लाइट गेलेली.
यादगिरी खोकत उठून बसला,
छातीत त्या सगळ्या वर्षांचा कापूस.
मी मागून पाठीवर हात ठेवले.
दोन बोटं अंतर ठेवलं तरी चालतं, बाई म्हणाल्या होत्या.
मी ठेवलं नाही.
हात गरम झाले, खरं सांगते.
पण मे महिन्यात इथं नळाचं पाणीही गरम येतं,
मग कुणाची ऊब कुणाला, सांगायचं कसं?
खोकला गेला नाही.
दोन खोकल्यांमधलं अंतर
थोडं वाढलं, किंवा मी
हळू मोजत होते.

बरगड्या कळत होत्या, एकेक,
मागाच्या फणीसारख्या.
इतक्या वर्षांत त्या मी
कधी मोजल्या नव्हत्या.

"तंबाखूचा वास येतोय," तो म्हणाला.
मी हात उचलले.

"राहू दे की."